पन्नासची शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी संपते

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी त्यातलं मुख्य सांगते. तुम्ही ४३ वर्षांच्या आहात. रस्त्यावरच्या ५ मॅरेथॉन झाल्या आहेत आणि ट्रेलवरची, म्हणजे डोंगरातल्या पायवाटांवरची, ३५ किलोमीटरची एक शर्यत. ११ आठवड्यांनी तुमची पहिली १०० किलोमीटरची ट्रेल शर्यत आहे: ४८०० मीटर चढ, २६ तासांचा कट-ऑफ (तेवढ्या वेळात पोहोचलं नाही तर शर्यतीबाहेर). तिची तयारी म्हणून ५ आठवडे आधी तुम्ही ५० किलोमीटरच्या एका ट्रेल अल्ट्रात (मॅरेथॉनहून लांब शर्यतीत) नाव घातलं आहे. तिथे २२०० मीटर चढ आणि १२ तासांची मुदत. ३५ च्या शर्यतीत २८व्या किलोमीटरला उलट्या झाल्या आणि शेवटच्या उतारावर मांड्यांनी दगा दिला, ती धास्ती अजून मनात आहे. तुमची पळणारी मैत्रीण म्हणते, "बिब (छातीवरचा नंबर) लावला की जीव तोडून पळायचं, नाहीतर जायचंच कशाला?" नवरा म्हणतो, "शंभरच्या आधी पन्नास कशाला, तिथेच दमशील." आणि पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलं आहे: "तयारी म्हणून सावकाश पळेन असं मी म्हणते, पण ही हरण्याच्या भीतीने काढलेली पळवाट तर नाही ना?"

पळवाट नाही. सावकाश पळणं किती अवघड असतं ते पहिल्या चढावरच कळेल. आजूबाजूचे सगळे पळत पुढे जात असतील, पाय ताजे असतील, आणि तुम्हाला मुद्दाम चालायचं असेल. ५० ची शर्यत जरूर करा. ५ आठवड्यांचं अंतरही चांगलं आहे. फक्त तिचा निकाल शेवटच्या कमानीखालच्या घड्याळावर लावू नका.

याबाबतीत मला घोड्यांच्या शर्यतीची पद्धत फार पटते. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा डोंगरांमधून टेव्हिस कप ही १०० मैलांची घोडदौड १९५५ पासून होते. १९७४ साली गॉर्डी एन्सली हा तिथला स्वार घोडा न घेता त्याच वाटेवर पायी धावला आणि २३ तास ४२ मिनिटांत पोहोचला. आजच्या १०० मैलांच्या ट्रेल शर्यतींची परंपरा तिथून सुरू झाली, ती वेस्टर्न स्टेट्स शर्यत अजून चालू आहे. पण त्या घोडदौडीचा एक नियम माणसांच्या शर्यतीत आलाच नाही. तिथे वाटेतल्या थांब्यांवर पशुवैद्य घोडा तपासतातच, पण नियम असा की शेवटची रेषा ओलांडल्यावरही घोडा "पुढे जायला लायक" ठरला तरच ती दौड पूर्ण धरली जाते. शिवाय पहिल्या १० घोड्यांपैकी ज्याची तब्येत सर्वांत उत्तम, त्याला हॅगिन कप नावाचा वेगळा मान मिळतो, आणि ती पाहणी होते दुसऱ्या दिवशी.

तुमच्या ५० ला हाच नियम लावा. पोहोचल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पुढे जायला लायक असाल, तर शर्यत चांगली झाली.

हे मी अनुभवाने सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या मोठ्या शर्यतीच्या ४ आठवडे आधी मी ५५ किलोमीटरची एक शर्यत अशीच "तयारी" म्हणून केली. पहिल्या तासातच ठरवलेलं सगळं विसरले. माझ्या अपेक्षेपेक्षा पाऊण तास लवकर पोहोचले, खूप कौतुक झालं. पुढचे तीन दिवस जिना पाठमोरी उतरत होते. आणि खरी चूक त्यानंतर केली: सरावाच्या तक्त्यात लिहिलंय म्हणून सहाव्या दिवशी पुन्हा लांब पळायला गेले. मोठ्या शर्यतीत ७१व्या किलोमीटरला, एका साध्या उतारावर, माझ्या मांड्या मला धरेनात. मी रडत खाली बसले आणि तिथेच थांबले. त्या दिवशी माझं काही बिघडलं नव्हतं. जे बिघडायचं ते चार आठवडे आधीच बिघडलेलं होतं.

आता सावकाश म्हणजे नेमकं किती, ते बघू. "आरामात पळ" या सल्ल्याला डोंगरात काही अर्थ नसतो, म्हणून आकडे मांडते. ट्रेलवर नुसतं अंतर मोजून चालत नाही. दर १०० मीटर चढाला १ किलोमीटर जादा धरायचा, ही रूढ आणि उपयोगी पद्धत आहे. (विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ सालीच असा हिशेब सांगितला होता: तासाला ३ मैल, आणि दर २००० फूट चढाला एक तास जादा. तो मांडून बघितला तर जवळपास इथेच येतो.) या हिशेबाने तुमची शंभरची शर्यत १४८ किलोमीटरच्या मेहनतीची होते आणि पन्नासची ७२ ची. म्हणजे पन्नासची शर्यत शंभरच्या निम्मी आहे, मेहनतीनेही जवळपास तेवढीच. सरावासाठी याहून चांगलं माप शोधून मिळणार नाही.

शंभरसाठी तुम्ही २३ तासांचं लक्ष्य लिहिलं आहे. दुसरा अर्धा नेहमीच जास्त वेळ खातो, कारण रात्र असते, पाय थकलेले असतात, थांबे लांबतात. म्हणून पहिल्या अर्ध्याला साडेदहा आणि दुसऱ्याला साडेबारा तास धरू. पहिल्या अर्ध्यात साधारण निम्मा चढ येतो असं समजलं, तर त्याची मेहनत ७४ किलोमीटरची. त्याच चालीने तुमची ७२ ची शर्यत सव्वादहा तासांच्या आसपास व्हायला हवी. जीव तोडून पळालात तर साडेआठ तासांत पोहोचाल, असं तुमच्या मैत्रिणीचं गणित आहे, आणि ते बरोबर असेलही. मधल्या पावणेदोन तासांमध्ये तुमची शंभरची शर्यत साठवलेली आहे. ते तास खर्च करू नका.

मात्र एक आधी तपासा. १२ तासांची मुदत शेवटची आहे, पण वाटेतल्या थांब्यांनाही आपापले कट-ऑफ असतात आणि सुरुवातीचे काही वेळा चांगलेच घट्ट असतात. ते कागदावर लिहून घ्या आणि सव्वादहा तासांच्या चालीने प्रत्येक ठिकाणी किती वाजता पोहोचाल ते शेजारी मांडा. कुठे अर्ध्या तासापेक्षा कमी फुरसत राहत असेल, तर तेवढ्या टप्प्यापुरतं थोडं रेटा आणि पुढे पुन्हा मूळ चालीवर या.

पळताना घड्याळातल्या पेसकडे (किलोमीटरला किती मिनिटं, त्या आकड्याकडे) बघू नका, चढ-उतारावर तो निरर्थक असतो. हृदयाच्या ठोक्यांवरही पूर्ण विसंबू नका. उन्हात आणि काही तासांच्या श्रमांनंतर त्याच मेहनतीला ठोके वर सरकत जातात. श्वास मात्र खोटं बोलत नाही. बाजूच्या माणसाला न अडखळता एक पूर्ण वाक्य सांगता आलं पाहिजे. वाक्य मध्ये तुटलं की चाला. खड्या चढावर चालणं म्हणजे हार नव्हे. चढ पुरेसा तीव्र झाला की चालायला पळण्यापेक्षा कमी ऊर्जा लागते, आणि जगातले अव्वल धावपटूही तिथे गुडघ्यांवर हात टेकून किंवा पोल (हातातल्या काठ्या) रोवत चालतच जातात. पण ते चालणं झपझप असावं लागतं, रमतगमत नाही. आठवड्यातून एकदा तासभर फक्त चढ चालण्याचा सराव ठेवा. माझ्या पाहण्यात नवीन लोकांचा सगळ्यात जास्त वेळ याच एका गोष्टीच्या अभावाने जातो.

आता उतार. तुमच्या पत्रातली मांड्यांची गोष्ट वाचून मला हायसं वाटलं, कारण हे दुखणं ओळखीचं आहे आणि त्यावर उपाय आहे. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू एकीकडे लांबत असतो आणि त्याच वेळी शरीराचा भार अडवायला जोरही लावत असतो. अशा कामात स्नायूंच्या तंतूंची बारीक झीज सर्वांत जास्त होते. चढताना दम लागतो, पण पाय मोडतात ते उतारावर. दुखणं लगेच येत नाही, २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचतं, आणि स्नायूंची ताकद त्यानंतरही काही दिवस कमीच राहते.

यातली चांगली बाजू अशी, की एकदा अशी झीज झाली आणि भरून निघाली की स्नायू पुढच्या वेळी तेवढ्याच उताराला बराच कमी बधतो. हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणूनच तुमचं ५ आठवड्यांचं अंतर मला आवडलं. पन्नासमधले उतार म्हणजे शंभरसाठी टोचून घेतलेली लस आहे. पण लसीचा डोस बेताचा असतो. उतारावर बेफाम सुटून पाय पार चेचून घेतले म्हणून संरक्षण काही दुप्पट मिळत नाही, सावरायला लागणारे दिवस मात्र वाढतात.

त्याआधी तुमच्या हातात ६ आठवडे आहेत. दर आठवड्याला एकदा उतारावर पळा. पहिल्या वेळी एकूण ३०० मीटर उतार पुरे, मग हळूहळू ८००-९०० पर्यंत न्या. पन्नासच्या आधीच्या १० दिवसांत मात्र नको. पावलं छोटी आणि भराभर, पाऊल शरीराच्या खाली पडू दे, फार पुढे नको. नजर पायांवर न ठेवता चार-पाच पावलं पुढे ठेवा. भीतीने मागे रेलून ब्रेक लावत उतरलं की सगळा भार मांड्यांवर येतो, आणि तुमच्या वर्णनावरून ३५ च्या शर्यतीत तेच झालं असावं. घरी एका पायावर सावकाश पायरी उतरण्याचे व्यायाम चालू ठेवा. ते कंटाळवाणे आहेत, तरीही करा.

पोटाकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की पहिल्या तीन तासांत काहीच खाल्लं नाही, भूक नव्हती, मग एकदम दोन जेल (पळताना घ्यायच्या दाट साखरेच्या पुड्या) घेतली आणि वरून घटाघटा पाणी प्यायलात. जोरात पळताना शरीर रक्त पोटाकडून काढून पायांकडे आणि त्वचेकडे वळवतं. ऊन असेल तर आणखीच. अशा अवस्थेतल्या पोटात एकदम एवढी साखर आणि पाणी गेलं तर ते पुढे सरकत नाही, परत येतं. दोष त्या जेलचा नव्हता. उशीर, वेग आणि घाई या तिन्हींचा मिळून तो परिणाम होता.

आतड्याचीही तालीम होते, हे फार लोकांना माहीत नसतं. ग्लुकोज शोषून घ्यायची आतड्याची क्षमता साधारण तासाला ६० ग्रॅमपर्यंत असते. फ्रुक्टोज (फळांतली साखर) वेगळ्या दाराने आत जातं, म्हणून दोन्ही एकत्र असतील तर ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. ९० हा आकडा वेगवान आणि सरावलेल्या लोकांचा आहे, तुम्ही त्याच्या मागे लागू नका. तासाला ४० ग्रॅम कर्बोदकांपासून सुरू करा आणि दर लांब पळण्याला थोडं वाढवत ५५-६० वर या. पहिला घास अर्ध्या तासाच्या आत. भुकेची वाट बघायची नाही. घड्याळाला दर २० मिनिटांचा गजर लावा आणि प्रत्येक गजराला थोडं थोडं खा.

पन्नासमध्ये हा तुमचा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग असू दे. मी तर म्हणेन, बाकी सगळं चुकलं आणि एवढंच कळलं तरी त्या दिवसाचं चीज झालं. पाच-सहा तासांनंतर गोड नकोसं होतं, हे जवळपास सगळ्यांचं होतं. म्हणून खारट आणि साधं काहीतरी जवळ ठेवा, आणि ते आधीच्या लांब पळण्यांमध्ये खाऊन पाहिलेलं असू दे. दर तासाला काय पोटात गेलं ते फोनवर आवाजात नोंदवा, लिहायला हात मोकळे नसतात. आणि मळमळायला लागलं तर शर्यत सोडू नका, घाबरूही नका. दहा-पंधरा मिनिटं अगदी सावकाश चाला, सावलीत थांबा, डोक्यावर-मानेवर पाणी घ्या, घोट घोट प्या, मग छोटा घास. बहुतेक वेळा पोट परत ताळ्यावर येतं. शंभरमध्ये मळमळ येणारच आहे असं धरून चाला. ती आल्यावर काय करायचं हे पन्नासमध्ये एकदा करून पाहिलेलं असलं, की रात्री दोन वाजता तुम्ही हतबल होणार नाही.

पाण्याबद्दल कडक शब्दांत सांगते. तहान लागेल तेवढं प्या. "तहान लागायच्या आत पीत राहा" हा जुना सल्ला लांब शर्यतींमध्ये धोक्याचा आहे. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. ते लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली जातं तेव्हा त्याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात, आणि त्याने धावपटू मेलेले आहेत. २०१५ साली अमेरिकेत कार्ल्सबाड इथे जमलेल्या तज्ज्ञांनीही तहानेप्रमाणे पिणं हाच बचावाचा मुख्य मार्ग सांगितला. मिठाच्या गोळ्या घेतल्या म्हणून जास्त पाणी पचत नाही. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं, आणि वजन घटण्याऐवजी वाढणं, अशी लक्षणं दिसली तर आणखी पाणी पिऊ नका, थेट वैद्यकीय पथकाकडे जा. बोटं सुजून अंगठी रुतायला लागली तरी पिणं जरा आवरा.

वेदनाशामक गोळी खिशात ठेवू का, असंही तुम्ही विचारलंय. आयबुप्रोफेन आणि त्या गटातली औषधं शर्यतीत नकोत. तासन्‌तास श्रम करताना मूत्रपिंडाला रक्त आधीच कमी मिळत असतं, ही औषधं त्यात भर घालतात. अल्ट्रा धावपटूंवर केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आयबुप्रोफेन घेणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाला इजा झाल्याची चिन्हं, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त जणांत दिसली. शर्यतीनंतर लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तो स्नायू मोडून रक्तात उतरल्याचा इशारा असू शकतो.

सामानाचं थोडक्यात. पन्नासला सक्तीचं असो वा नसो, शंभरला जे जे पाठीवर असणार आहे ते सगळं घेऊन पळा: जलरोधक जॅकेट, हेडलॅम्प (डोक्याला बांधायचा दिवा), शिट्टी, आणीबाणीचं पांघरूण, सगळं. पट्टा कुठे घासतो ते चौथ्या तासाला कळतं. बूट तेच, मोजे तेच, पोल तेच. काही तासांनी पाय सुजतात, बुटात अंगठ्यापुढे जागा हवी. पायाला कुठे चटका जाणवला की तिथल्या तिथे थांबून पट्टी लावा. "पुढच्या थांब्यावर बघू" म्हणालात की फोड येतोच.

थांब्यांवरचा वेळ मोजा. शंभरला ११ थांबे आहेत म्हणता. प्रत्येकी १२ मिनिटं गेली तर सव्वादोन तासांच्या जवळपास नुसते उभं राहण्यात जातात. पन्नासमध्ये थांबा दिसायच्या पाच मिनिटं आधी मनाशी म्हणा: बाटल्या भरायच्या, हे घ्यायचं, ते टाकायचं, निघायचं. खुर्चीत बसू नका. खरोखर गरज असेल तेव्हा शंभरमध्ये बसा.

एक गोष्ट मात्र पन्नास तुम्हाला शिकवणार नाही, ती म्हणजे रात्र. पहाटे सहाला निघून तुम्ही संध्याकाळी साडेचारच्या सुमारास पोहोचाल, हेडलॅम्प बॅगेतच राहील. शंभरमध्ये पूर्ण रात्र आहे. सरत्या रात्री, पहाटेच्या आधी, शरीराचं तापमान दिवसातल्या सर्वांत खालच्या पातळीला येतं, त्याबरोबर उमेदही खाली जाते. शर्यत सोडावीशी वाटते ती बहुधा याच वेळी, आणि ते वाटणं उजाडल्यावर टिकत नाही. म्हणून आजपासून तिसऱ्या आठवड्यात एक रात्र राखून ठेवा. रात्री दोनला उठा, सोबत घेऊन ओळखीच्या वाटेवर उजाडेपर्यंत चाला आणि पळा. सोबतीशिवाय जाऊ नका. दिव्याच्या उजेडात दगड सपाट दिसतात, खोली कळत नाही, हे पायांना एकदा कळू द्या. दिव्याच्या बॅटऱ्या बोटांनी चाचपडत बदलून पाहा. कॉफी पिऊन पोट काय म्हणतं तेही त्याच रात्री कळेल.

मैत्रिणीचं काय करायचं? ती तिच्या जागी बरोबर आहे. पन्नास हीच तिची शर्यत आहे, तिने जीव तोडून पळायलाच हवं. अडचण एवढीच, की तुम्ही दोघी एकत्र निघालात तर तिसऱ्या किलोमीटरपर्यंत तुम्ही तिच्या चालीने पळत असाल. इच्छाशक्तीचा इथे प्रश्न नाही. गप्पा चालू असल्या की पावलं आपोआप जुळतात. म्हणून आदल्या दिवशीच तिला सांगा: "तू पुढे उभी राहा, मी मागे उभी राहते, संध्याकाळी भेटू." आणि मागे म्हणजे खरंच सगळ्यात मागे उभ्या राहा. पुढे ज्यांना तुम्ही चढांवर एकेक करून गाठाल, त्यांचं सुख वेगळंच आहे. पण त्या सुखानेही चाल वाढवू नका.

शर्यत सोडायची कधी, हे आधी ठरवून ठेवा, थकलेल्या डोक्याने ठरवायची ती गोष्ट नाही. चाल बदलायला लावणारं, एकाच जागी टोचणारं दुखणं वाढत गेलं तर थांबा. भान हरपल्यासारखं झालं, प्यायलेलं तासभर पोटात टिकलं नाही, तर थांबा. नुसता थकवा, कंटाळा, "मी कशाला आले" हे थांबायचं कारण नाही, त्याचाच तर सराव करायला तुम्ही गेला आहात. आणि थांबावं लागलंच तर शंभर हातची गेली असं समजू नका. अमेरिकन अल्ट्रा धावपटू कोर्टनी डॉवॉल्टर आपल्या पहिल्याच १०० मैलांच्या शर्यतीतून २०१२ साली मध्येच बाहेर पडली होती. तिनेच २०२३ च्या एका उन्हाळ्यात वेस्टर्न स्टेट्स, हार्डरॉक आणि यूटीएमबी या तिन्ही नावाजलेल्या डोंगरी शर्यती जिंकल्या.

पन्नासनंतरचे १४ दिवस मला शर्यतीइतकेच महत्त्वाचे वाटतात, माझी माती तिथेच झाली होती. पहिला आठवडा पळायचं नाही. चाला, झोपा, पोटभर जेवा. दुसऱ्या आठवड्यात सपाटीवर तीन-चार वेळा अर्धा-पाऊण तास, तेही पाय म्हणतील तर. तिसऱ्या आठवड्यात एक लांब पळणं, चार तासांपर्यंत, शक्य असेल तर त्यातला थोडा भाग अंधारात. शेवटचे दोन आठवडे कमी करत जायचं. त्या दिवसांत "पन्नास सावकाश केली, आता जरा कसर भरून काढू" असं मनात येईल. तसं काहीही करू नका. या दोन आठवड्यांत कमावण्यासारखं काही उरलेलं नसतं.

राहिले तुमचे यजमान. ते शंभरमध्ये दोन थांब्यांवर तुमच्यासाठी येणार आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे त्यांचीही तालीम व्हायला हवी. पन्नासमध्ये त्यांना एका थांब्यावर उभं करा. तिथे त्यांनी तुम्हाला "कसं वाटतंय?" असं विचारायचं नाही, त्याचं उत्तर नेहमी वाईटच असतं. दोनच प्रश्न विचारायचे: गेल्या तासात काय खाल्लंस, आणि लघवीला कधी गेली होतीस. मग सामान हातात द्यायचं आणि तुम्हाला वाटेला लावायचं.

त्यांना दुसरं काम दुसऱ्या दिवशी सकाळी. पशुवैद्य घोड्याला थोडं दौडवून त्याची चाल निरखतात, तसं त्यांनी तुम्हाला बघायचं. आधी वीस मिनिटं सपाटीवर चालताना, मग एक जिना चढताना, मग उतरताना. मांड्या ठणकत असतील, कठडा धरावा लागेल, तेवढं चालेल. पण तोंड पुढे करून दोन्ही पायांनी सारखं उतरता येतंय का, एक खांदा खाली जातोय का, कुठला पाय टेकताना तुम्ही चेहरा आवळताय का, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं दिसेल. लंगडणं दिसलं आणि चौथ्या दिवशीही गेलं नाही, तर फिजिओथेरपिस्टकडे जा आणि तोपर्यंत पळू नका. लंगडणं नसेल, तर न्याहारी झाल्यावर फोनवरच्या नोंदी ऐका आणि कुठल्या तासाला काय खाल्लं ते कागदावर उतरवून काढा. तो कागद जपून ठेवा, शंभरची ड्रॉप बॅग (वाटेतल्या थांब्यावर आधीच पाठवायची पिशवी) त्यावरूनच भरायची आहे.